विठोबा थांबेल, औषध थांबू नये

कॅन्सर हे नाव ऐकले की माणसाच्या पोटात गोळा येतो. नाव घेतानाही लोक आवाज खाली करतात. पण भिऊन रोग जात नाही. तो आहे तरी काय, हे आधी समजून घेऊ.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या त्यांची जागा घेतात. हे काम शिस्तीने चालते. कधी काही पेशी ही शिस्त मोडतात. गरज नसताना वाढत सुटतात. शेतात हरळी माजते ना, तसेच. त्यांची गाठ होते. तेथून त्या शरीरात दुसरीकडेही पसरू शकतात. हाच कॅन्सर. तो शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. तो कोणाच्या पापाचे फळही नाही.

त्यावर मुख्य उपाय तीन. गाठ कापून काढणे हा पहिला. शेक देणे, म्हणजे किरणांनी त्या पेशी मारणे, हा दुसरा. औषध देणे हा तिसरा. हे औषध बहुधा शिरेतून देतात. त्याला केमो म्हणतात. कोणाला एक उपाय पुरतो, कोणाला तिन्ही लागतात.

समजण्यासाठी एक घर डोळ्यांपुढे आणू. साताऱ्याकडचे नवरा-बायको, दोघेही माळकरी. बाईच्या स्तनात गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिने सहा महिने कोणाला सांगितले नाही. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला पुष्कळदा दुखत नाही. म्हणून न दुखणारी गाठही लगेच दाखवावी.

गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. दोघे मुंबईला आले. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. ते १९४१ साली सुरू झाले. राहायला दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबा १९५६ साली वारले. नवसासाठी बोकड मारू नये, आजाऱ्याला औषधपाणी द्यावे, असे ते जन्मभर सांगत होते.

केमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक फेरी. हे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारते. केसांच्या मुळाशी, तोंडात आणि जेथे रक्त तयार होते तेथेही अशा पेशी असतात. त्यांनाही मार बसतो. म्हणून केस गळतात, तोंड येते, अशक्तपणा वाटतो. दोन फेऱ्यांमधले दिवस चांगल्या पेशींना सावरण्यासाठी असतात. उपचार संपले की केस बहुधा परत येतात.

केस गेले तेव्हा बाई रडली. नवरा नुसता जवळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "अहो, तिरुपतीला न जाताच केस दिले मी. गाडीभाडं वाचलं."

"मग लाडू तरी आण की!" नवरा म्हणाला.

घरी आल्यावर तो पिठले-भात करू लागला. एकदा ती म्हणाली, "तुमच्या हातचं पिठलं चांगलं लागायला लागलं. म्हणजे माझ्या तोंडाची चव खरंच गेली!"

तिसऱ्या फेरीनंतर आषाढी जवळ आली. बाई फार थकली होती. म्हणाली, "पुरे झाली आता औषधं. वारीला जाऊ. व्हायचं ते त्याच्या पायाशी होईल."

ही वेळ मोठी कठीण. उपचार अर्ध्यावर सोडले, तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात. निम्मे शेत खुरपून हरळी जात नाही. नवरा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, अठ्ठावीस युगं तो विटेवर उभा आहे. आपल्यासाठी एक वर्ष थांबणार नाही होय? औषध मात्र थांबायचं नाही."

ती हसली नाही. पण ठरल्या दिवशी मुंबईच्या गाडीत बसली.

श्रद्धेने गाठ विरघळत नाही. हसण्यानेही नाही. ते काम उपचारांचे. पण दर फेरीला दवाखान्याची पायरी चढायला बळ लागते. ते बळ श्रद्धेने येते, हसण्याने येते, सोबतीने येते. मात्र थट्टा आजाऱ्याने सुरू करावी, आपण साथ द्यावी. त्याला रडू आले तर रडू द्यावे. सेवा करणाऱ्यानेही वेळेवर जेवावे, झोपावे.

एवढे ध्यानात ठेवा. केमो चालू असताना ताप १००.४ किंवा वर गेला, तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा, पाला घेऊ नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, त्याला विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

आणि आजाऱ्याच्या फाइलीवर पुढची तारीख लिहिलेली असते. तुम्हांला आता वाचता येते. ती तारीख स्वतः वाचा, घरात सर्वांना दिसेल अशी भिंतीवर लिहा, आणि चुकवू नका.