प्रश्नोत्तराचा तास

संसदेच्या किंवा राज्य विधानमंडळाच्या बैठकीत सदस्यांनी मंत्र्यांना प्रश्न विचारण्यासाठी आणि मंत्र्यांनी त्यांची उत्तरे देण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेस प्रश्नोत्तराचा तास असे म्हणतात. शासनाची धोरणे, त्यांची अंमलबजावणी आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग यांविषयी अधिकृत माहिती मिळविणे हा या प्रश्नांचा मुख्य हेतू असतो. लोकसभेत बैठकीचा पहिला तास, म्हणजे सकाळी ११ ते १२ ही वेळ, या कामासाठी ठेवलेली आहे. राज्यसभेत २०१४ पासून हा तास दुपारी १२ वाजता सुरू होतो. महाराष्ट्र विधानसभा व विधानपरिषद या दोन्ही सभागृहांतही सामान्यतः बैठकीच्या प्रारंभी प्रश्नोत्तरे होतात.

घटनात्मक आधार

भारतीय संविधानात 'प्रश्नोत्तराचा तास' असा शब्दप्रयोग आढळत नाही. त्याचा आधार मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वात आहे. अनुच्छेद ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. जो जबाबदार आहे त्याने जाब दिला पाहिजे, या सरळ न्यायाने प्रश्न विचारण्याचा हक्क सिद्ध होतो. प्रश्न कसे विचारावेत, किती विचारावेत आणि त्यांची उत्तरे केव्हा द्यावीत, हे प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाच्या नियमांनी ठरविते. असे नियम करण्याचा अधिकार संसदेला अनुच्छेद ११८ ने आणि राज्य विधानमंडळांना अनुच्छेद २०८ ने दिला आहे.

इतिहास

ब्रिटिश संसदेतील पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ मध्ये उमरावांच्या सभागृहात अर्ल काउपर यांनी विचारला. साउथ सी कंपनीचा मुख्य रोखपाल रॉबर्ट नाइट हा देशाबाहेर पळून गेला असून त्याला ब्रसेल्स येथे अटक झाली आहे, या वार्तेत तथ्य आहे काय, असा तो प्रश्न होता. लोकांचा पैसा बुडविणाऱ्या एका आर्थिक घोटाळ्यातून ही प्रथा जन्मास आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतात १८६१ च्या कौन्सिल कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळांत सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने मर्यादित स्वरूपात मिळाला. त्यानुसार १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिनग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावर येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या लवाजम्याला रसद पुरविताना गावोगावच्या दुकानदारांना सोसाव्या लागणाऱ्या त्रासाविषयीचा तो प्रश्न होता. याच काळात लोकमान्य टिळक (१८९५ ते १८९७) आणि नंतर गोपाळ कृष्ण गोखले मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. गोखले पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. तेथे १९०२ पासून त्यांनी केलेली अंदाजपत्रकावरील भाषणे सरकारी जमाखर्चाच्या अभ्यासपूर्ण चिकित्सेचा आदर्श मानली जातात. त्या काळी सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता येत असे, परंतु त्यावर मत देता येत नसे.

१८९२ च्या व्यवस्थेत मोठी उणीव होती. उत्तर मिळाल्यावर त्यावर पुन्हा प्रश्न विचारण्यास मुभा नव्हती, त्यामुळे मोघम उत्तर देऊन सरकार मोकळे होत असे. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सदस्यांनाही लाभला. प्रश्नोत्तरांना उलटतपासणीचे स्वरूप आले ते या बदलामुळे.

प्रश्नांचे प्रकार

तारांकित प्रश्न : ज्या प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी मिळावे अशी सदस्याची इच्छा असते, त्यावर तो तारकेची खूण करतो. अशा प्रश्नाच्या उत्तरावर पूरक प्रश्न विचारता येतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २०, तर राज्यसभेत १५ तारांकित प्रश्न असतात.

अतारांकित प्रश्न : यांची उत्तरे लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. त्यांवर पूरक प्रश्न विचारता येत नाहीत. आकडेवारी व तपशील मिळविण्यासाठी हा प्रकार उपयुक्त ठरतो. लोकसभेत एका दिवसासाठी असे २३० पर्यंत प्रश्न घेतले जातात.

अल्पसूचना प्रश्न : तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर, नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी मुदतीची सूचना देऊन हा प्रश्न विचारला जातो. त्यासाठी संबंधित मंत्र्याची संमती लागते.

खाजगी सदस्यांना विचारलेले प्रश्न : एखादे विधेयक, ठराव किंवा समितीचे काम मंत्री नसलेल्या सदस्याकडे असेल, तर त्याविषयी त्या सदस्यालाही प्रश्न विचारता येतो. प्रत्यक्षात असे प्रश्न क्वचितच येतात.

प्रश्न स्वीकारण्याचे निकष

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न स्वीकारावा की नाही, याचा निर्णय अध्यक्षांचा असतो आणि राज्यसभेत व विधानपरिषदेत तो सभापतींचा असतो. प्रश्न मुद्देसूद व आटोपशीर असावा लागतो. लोकसभेच्या नियमांनुसार तो सामान्यतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप किंवा बदनामीकारक मजकूर असू नये. त्यातून केवळ मत मागितलेले नसावे, तसेच काल्पनिक परिस्थितीवर उत्तर अपेक्षिलेले नसावे. न्यायप्रविष्ट बाबी, पूर्वी उत्तर दिलेले विषय आणि सहज उपलब्ध असलेल्या कागदपत्रांतील माहिती यांविषयीचे प्रश्न सामान्यतः नाकारले जातात. प्रश्नाचा विषय त्या सरकारच्या अधिकारकक्षेतील असणेही आवश्यक असते. म्हणून केवळ राज्याच्या अखत्यारीतील बाब संसदेत प्रश्नरूपाने मांडता येत नाही.

प्रश्नोत्तरांची भाषा

महाराष्ट्र विधानमंडळातील छापील प्रश्नांची एक ठरीव शैली आहे. संबंधित मंत्री 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशा वाक्याने प्रश्न सुरू होतो आणि पुढे क्रमांक घातलेले भाग येतात. एखाद्या तालुक्यातील पाणीपुरवठा योजना रखडली असल्यास प्रश्नाची रचना साधारणतः पुढीलप्रमाणे असते : सदर योजनेचे काम मुदतीत पूर्ण झालेले नाही, हे खरे आहे काय, असल्यास, या योजनेवर आजपर्यंत किती खर्च झाला, असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय व त्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

उत्तरांनाही अशीच ठरीव भाषा असते. 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' ही त्यातील नेहमीची वाक्ये होत. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असे उत्तर दिले की त्यावर अवलंबून असलेल्या पुढील सर्व भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' असे लिहिता येते. त्यामुळे पहिल्या भागातील तारीख, रक्कम किंवा गावाचे नाव चुकले, तर तक्रार खरी असूनही संपूर्ण प्रश्न निष्फळ ठरू शकतो. 'अंशतः खरे आहे' या उत्तरात कोणता अंश खरा आणि कोणता नाही, हे शोधण्याचे काम पूरक प्रश्नांवर सोपविलेले असते.

स्वीकारलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयाकडून मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जातो. विभाग जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद किंवा क्षेत्रीय कार्यालय यांच्याकडून माहिती मागवितो आणि त्याच वाटेने ती परत येऊन उत्तराचा मसुदा तयार होतो. उत्तर सभागृहात तोंडी दिले जावो वा न जावो, या निमित्ताने धूळ खात पडलेली फाइल उघडली जाते. अनेकदा उत्तर देण्यापूर्वीच थकलेले देयक चुकते होते किंवा अडलेली मंजुरी मिळते. प्रश्नाचा हा परिणाम इतिवृत्तात दिसत नाही, तरी तो लहान नसतो.

सभागृहातील पद्धत

अध्यक्षांनी नाव पुकारल्यावर सदस्य केवळ प्रश्नाचा क्रमांक सांगतो. उत्तर आधीच छापून वाटलेले असल्यास मंत्री ते पटलावर ठेवल्याचे सांगतात आणि लगेच पूरक प्रश्नांना आरंभ होतो. लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला सामान्यतः दोन पूरक प्रश्न विचारू देतात. त्यानंतर अध्यक्षांच्या अनुमतीने इतर सदस्य विचारतात. पूरक प्रश्नांची पूर्वसूचना द्यावी लागत नाही. त्यामुळे मंत्र्यांना आपल्या खात्याची किती माहिती आहे, याची परीक्षा येथेच होते. अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या जागेतून मंत्र्यांकडे चिठ्ठ्या जाताना या वेळी हमखास दिसतात.

एका तासात यादीतील मोजकेच तारांकित प्रश्न चर्चेला येतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी दिली गेली असे मानले जाते. उत्तर असमाधानकारक किंवा अपुरे वाटल्यास महाराष्ट्रात अध्यक्ष किंवा सभापती तो प्रश्न राखून ठेवू शकतात आणि मंत्र्यांना अधिक माहितीसह पुन्हा उत्तर द्यावे लागते. उत्तरातून उद्भवलेल्या महत्त्वाच्या विषयावर 'अर्धा तास चर्चा' मागण्याचीही सोय आहे. मंत्र्यांनी जाणीवपूर्वक चुकीची माहिती दिल्यास त्यांच्याविरुद्ध हक्कभंगाची सूचना देता येते.

मुंध्रा प्रकरण

प्रश्नातून सार्वजनिक पैशाचा गैरव्यवहार उजेडात आल्याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंध्रा प्रकरण होय. आयुर्विमा महामंडळाची स्थापना सप्टेंबर १९५६ मध्ये झाली. विमेदारांच्या बचतीतून जमा झालेला पैसा या महामंडळाच्या हाती होता. जून १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे भाग विकत घेतले. सप्टेंबर १९५७ मध्ये डॉ. रामसुभग सिंह यांनी लोकसभेत याविषयी प्रश्न विचारला. त्या उत्तराने समाधान न झाल्याने नोव्हेंबरमध्ये हा विषय पुन्हा प्रश्नरूपाने आला आणि फिरोज गांधी यांनी त्यावर पूरक प्रश्न विचारले. पुढे १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी सविस्तर भाषण करून हे भाग बाजारभावापेक्षा अधिक किमतीने घेतल्याचे दाखवून दिले.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल सादर केला. खात्याच्या सचिवांच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांना टाळता येत नाही, असे मत न्या. छागला यांनी नोंदविले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. रामसुभग सिंह आणि फिरोज गांधी हे दोघेही सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच सदस्य होते. प्रश्न विचारणे हे केवळ विरोधी पक्षाचे काम नव्हे, हे या प्रकरणाने अधोरेखित केले.

खर्चावरील देखरेखीची इतर साधने

प्रश्न हे देखरेखीचे पहिले पाऊल असते. त्याला पुढील साधनांची जोड असते.

कपात सूचना : अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होण्यापूर्वी सदस्य मागणीची रक्कम कमी करण्याची सूचना मांडू शकतो. धोरणाला विरोध दर्शविण्यासाठी मागणी एक रुपयापर्यंत खाली आणण्याची, विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी शंभर रुपये कमी करण्याची आणि काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करण्याची, असे तिचे तीन प्रकार लोकसभेत आहेत.

लोकलेखा समिती : नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालांच्या आधारे ही समिती झालेल्या खर्चाची छाननी करते. संसदेच्या समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा संकेत आहे. त्यानुसार पहिले अध्यक्ष मिनू मसानी हे होत.

आश्वासन समिती : 'चौकशी करू', 'विचार करू', 'माहिती घेऊन पटलावर ठेवू' अशी मंत्र्यांनी दिलेली आश्वासने पुढे पाळली गेली किंवा नाही, हे ही समिती पाहते. लोकसभेत ती १९५३ मध्ये स्थापन झाली. आश्वासनाची पूर्ती तीन महिन्यांत व्हावी, अशी अपेक्षा असते.

दुरुपयोग

प्रश्न विचारण्याचा हक्क पैशासाठी विकला गेल्याची उदाहरणेही आहेत. मुंबईतील सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून लाभ घेऊन तिच्या हिताचे काम संसदेत केल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांच्यावर १९५१ मध्ये हंगामी संसदेत कारवाई झाली आणि त्यांना सदस्यत्व सोडावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याची तयारी दाखविणारे सदस्य छुप्या चित्रीकरणात आढळले. त्यानंतर लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी करण्यात आली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई वैध ठरविली.

मर्यादा

गोंधळामुळे किंवा सभात्यागामुळे प्रश्नोत्तराचा तास वाया जाणे ही नित्याची तक्रार आहे. कामकाज तहकूब झाले तरी लेखी उत्तरे मिळतात, परंतु पूरक प्रश्नांची संधी गमावली जाते. आणीबाणीच्या प्रसंगी हा तासच स्थगित ठेवल्याचेही घडले आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी, १९७५ च्या आणीबाणीत आणि सप्टेंबर २०२० मध्ये करोना साथीच्या काळातील अधिवेशनात संसदेत प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. २०२० मध्ये अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मात्र देण्यात आली. लेखी उत्तरे चालू असल्याने माहिती मिळण्यात खंड पडला नाही, असे एक मत होते. मंत्र्यांना समोरासमोर प्रतिप्रश्न करता येत नसेल, तर कागदावरील उत्तराची शहानिशा होत नाही, असा त्यावर विरोधकांचा आक्षेप होता.

नागरिकांसाठी महत्त्व

संसदेची आणि महाराष्ट्र विधानमंडळाची प्रश्नोत्तरे प्रसिद्ध केली जातात व कोणालाही वाचता येतात. एखाद्या योजनेवर शासनाने किती खर्च मान्य केला, कोणती त्रुटी कबूल केली आणि कोणते आश्वासन दिले, याची ही अधिकृत नोंद असते. सभागृहात दिलेले उत्तर मंत्र्यांवर बंधनकारक राहते, त्यामुळे पत्रकार, अभ्यासक आणि गावपातळीवरील कार्यकर्ते त्याचा आधार घेऊन पुढील पाठपुरावा करू शकतात. आपल्या भागातील प्रश्न प्रतिनिधीने मांडावा असे वाटणाऱ्या नागरिकाने त्याला स्थळ, तारीख, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांचा अचूक तपशील पुरविल्यास त्या प्रश्नाला 'हे खरे नाही' असे उत्तर देणे कठीण जाते.