दीड महिन्याच्या बाळाची एच.आय.व्ही. चाचणी आणि तिचा खरा खर्च

एच.आय.व्ही.बाधित मातेच्या पोटी जन्मलेल्या बाळाला लागण झाली आहे किंवा नाही, हे लगेच का सांगता येत नाही, असा प्रश्न आमच्या प्रसूती विभागात येणारे नातेवाईक नेहमी विचारतात. मोठ्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला की अर्ध्या तासात उत्तर मिळते. मग तान्ह्या बाळाच्या बाबतीत दीड महिना थांबायचे कशासाठी? विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही या कामी होणाऱ्या खर्चासंबंधी विचारणा झाली होती. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि हा विषय जितका वैद्यकाचा, तितकाच हिशेबाचाही असल्यामुळे त्याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूशी झुंजण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. गर्भावस्थेत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर अठरा महिन्यांपर्यंत त्याच्या रक्तात राहू शकतात. आईने बाळाला दिलेली ही शिदोरीच होय. परंतु तीमुळे बाधित मातेच्या निरोगी बाळाचीही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येते. वस्तुस्थिती अशी की, कोणताही उपचार न घेतल्यास अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते आणि मातेने वेळेवर औषधे घेतल्यास हे प्रमाण पाचाच्याही खाली आणता येते. म्हणून नातेवाइकांना आग्रहाची विनंती आहे की, लहान बाळाची प्रतिपिंडांची चाचणी खाजगी प्रयोगशाळेत परस्पर करवून घेऊ नये आणि तिच्या कागदावरून बाळाविषयी वा त्याच्या आईविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.

मग अठरा महिने थांबावे काय? पूर्वी बहुतेक ठिकाणी थांबावेच लागे आणि त्याची किंमत बाळे मोजत. आफ्रिकेतील अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी सुमारे ३५ टक्के बाळे पहिल्या वाढदिवसापूर्वी, तर निम्म्याहून अधिक दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत सोवेटो व केप टाऊन येथे झालेल्या चाचणीत काही बाधित बाळांना सहा ते बारा आठवड्यांच्या वयातच औषधे सुरू केली, तर काहींना त्या काळच्या प्रघाताप्रमाणे प्रकृती खालावल्यावर दिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, थांबलेल्या १२५ बाळांपैकी २० मृत्युमुखी पडल्याचे आणि लवकर औषध मिळालेल्या २५२ बाळांपैकी १० दगावल्याचे नमूद आहे. शेकडा १६ आणि शेकडा ४. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालील प्रत्येक बाधित बाळाला तत्काळ उपचार द्यावेत, अशी शिफारस केली. आता ज्याला उपचार द्यायचे, ते बाळ आधी ओळखता आले पाहिजे.

त्यासाठी विषाणूचाच शोध घ्यावा लागतो. पी.सी.आर. या पद्धतीत रक्तातील विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती तयार केल्या जातात आणि दर फेरीला त्यांची संख्या दुप्पट होते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दर फेरीला दामदुप्पट धरली, तर एका अंशाचे तीस फेऱ्यांत १०७ कोटींहून अधिक अंश होतात. जे एरवी दिसले नसते, ते अशा रीतीने यंत्राला दिसते. मात्र त्यासाठी महाग यंत्रे, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि अखंड वीज लागते. प्रत्येक तालुक्यात अशी प्रयोगशाळा उभारणे कोणत्याही गरीब प्रदेशाला परवडणारे नाही.

या अडचणीतून वाट काढली ती एका कागदाने. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकांमधील एका चयापचय विकाराच्या तपासणीसाठी टाचेतील रक्त फिल्टर पेपरवर टिपून वाळविण्याची पद्धत रूढ केली. तीच येथे उपयोगी पडली. बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचून कार्डावरील वर्तुळे रक्ताने भरतात, कार्ड उन्हाधुळीपासून दूर काही तास आडवे ठेवून वाळवितात आणि आर्द्रताशोषक पुड्यांसह पिशवीत बंद करतात. बर्फ लागत नाही, शीतपेटी लागत नाही. साध्या टपालाने ते कित्येक मैल जाऊ शकते. कार्डावर बाळाचे नाव नसून सांकेतिक क्रमांक असतो. रुग्णाची ओळख गुप्त राखणे हे एच.आय.व्ही. व एड्स विषयक २०१७ च्या कायद्यान्वये बंधनकारकच आहे.

आपल्या देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजेच ‘नॅको’ने, २०१० साली बाळांच्या लवकर निदानाचा कार्यक्रम सुरू केला. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेसारख्या निवडक प्रयोगशाळांकडे राज्योराज्यीचे नमुने जाऊ लागले. पहिली चाचणी सहा आठवड्यांची, म्हणजे दीड महिन्याच्या लसीकरणाच्या वेळची. स्तनपानातूनही लागण संभवत असल्यामुळे पहिला निकाल ‘निगेटिव्ह’ आला तरी पुढील चाचण्या टळत नाहीत आणि अंतिम निर्णय अठराव्या महिन्यातच होतो. चाचणी व औषधे कुटुंबाला विनामूल्य मिळतात.

येथवर सर्व ठीक. खरी गळती पुढे आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना झाला की नमुना घेण्याची वेळ येते आणि निकाल परत येईतो लेकीची सासरी पाठवणी झालेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे तर विचारूच नये. नमुना बीड जिल्ह्यात आणि आई कोपीवर, दुसऱ्याच जिल्ह्यात. शिवाय पत्ता द्यावा तर सासरी गोष्ट कळेल ही भीती. निकाल आला, फाइलला लागला, पण ज्याच्यासाठी तो होता ते बाळ सापडले नाही, अशी ही गोष्ट.

ही अडचण केवळ आपली नाही. झांबियात २०१० च्या सुमारास प्रयोगशाळेचे निकाल मोबाइल संदेशाने आरोग्य केंद्राला कळविण्यास आरंभ झाला, तेव्हा निकाल पोहोचण्याचा सरासरी काळ ४४ दिवसांवरून सुमारे २७ दिवसांवर आला. मलावीत मार्च २०१६ मध्ये मानवरहित विमानाने नमुने नेण्याचा प्रयोग झाला. छायाचित्रे अर्थातच विमानाची छापून आली. साध्या मोबाइल संदेशाचे छायाचित्र काढणार तरी कसे! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य केंद्रातच, सुमारे दीड तासाच्या आत निकाल देणाऱ्या दोन यंत्रांना मान्यता दिली. त्यांपैकी एक क्षयरोगाच्या तपासणीसाठीही वापरले जाते. आपल्याकडे ते ‘सीबीनॅट’ म्हणून परिचित आहे. मोझांबिकमध्ये अशा जागच्या जागी होणाऱ्या चाचणीची जुन्या पद्धतीशी तुलना करण्यात आली. नमुना घेतल्यापासून साठ दिवसांच्या आत औषध सुरू झालेल्या बाधित बाळांचे प्रमाण जुन्या पद्धतीत शेकडा सुमारे १३ होते, तर जागच्या जागी निकाल मिळालेल्या ठिकाणी शेकडा सुमारे ९०.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, दूरच्या प्रयोगशाळेतील एका चाचणीस १,००० रुपये लागतात. शंभर नमुन्यांना एक लाख रुपये खर्च झाला आणि साठच मातांपर्यंत निकाल पोहोचला, तर हाती पडलेल्या एका निकालाची किंमत १,६६७ रुपये झाली. जागच्या जागी होणाऱ्या चाचणीस १,५०० रुपये लागत असतील आणि शंभरापैकी ९५ मातांना निकाल मिळत असेल, तर तीच किंमत १,५७९ रुपये होते. दरपत्रकात महाग असलेली चाचणी प्रत्यक्षात स्वस्त ठरते. अर्थात, जेथे महिन्याला दोन-तीनच बाळे येतात तेथे यंत्र घेऊन ठेवणे परवडत नाही. अशा ठिकाणी कार्डाची पद्धतच योग्य, फक्त निकाल पोहोचविण्याची तजवीज हवी. किंमत चाचणीची न मोजता पोहोचलेल्या निकालाची मोजावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. मातांना औषधे मिळू लागल्यामुळे बाधित बाळांची संख्या घटते, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु तसतशी एक बाधित बाळ शोधण्यासाठी अधिक बाळे तपासावी लागतात आणि चुकीच्या ‘पॉझिटिव्ह’ निकालांचा वाटाही वाढतो. समजा, हजार बाळांत २० बाधित आहेत आणि निरोगी बाळांपैकी शेकडा एकाचा निकाल चुकतो. मग ९८० निरोगी बाळांत सुमारे दहा जणांना नाहक ‘पॉझिटिव्ह’ ठरविले जाईल, म्हणजे एकूण तीस ‘पॉझिटिव्ह’ निकालांपैकी दहा खोटे. यास्तव प्रत्येक ‘पॉझिटिव्ह’ निकालानंतर दुसरा नमुना घेतला जातो. त्याच्या उत्तरासाठी औषध मात्र थांबवून ठेवायचे नसते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुसरी चाचणी म्हणजे अनावश्यक दुप्पट खर्च, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यासाठी हा खुलासा.

या पार्श्वभूमीवर, आपल्या रुग्णालयाने स्वतंत्र यंत्र खरेदी न करता शासकीय केंद्रांशी सहकार्य करण्याचे धोरण स्वीकारले आहे. प्रसूतीनंतर घरी पाठविण्यापूर्वी परिचारिका मातेशी एकांतात बोलते, दीड महिन्याच्या वेळी ती माहेरी असेल की सासरी हे विचारून घेते आणि निरोप कोणत्या दूरध्वनीवर, कोणत्या वेळी द्यावा हे तिच्याच इच्छेने ठरते. ती दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असल्यास तेथील एआरटी केंद्राच्या नावे चिठ्ठी दिली जाते. चाचणी व औषधांचा भार शासन उचलते. आपल्या न्यासाकडून खर्च होतो तो एसटीच्या भाड्यावर, दूरध्वनीवर आणि पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकेच्या मानधनावर. ताळेबंदात हा खर्च ‘प्रवास व पाठपुरावा’ या शीर्षाखाली दाखविलेला आहे. ज्या देणगीदारांना आपली रक्कम याच कामी वापरली जावी असे वाटते, त्यांनी देणगी देताना हे शीर्ष नमूद करावे, म्हणजे कार्यालयास पावतीवर तशी नोंद करता येईल.