आधी भरल शोधा

संपादकांनी पाठवलं होतं हिमबिबट्यावर लिहायला. लेहहून जिंगचेनपर्यंत गाडीनं आणि पुढं गोठलेल्या ओढ्याच्या कडेनं चालत रुंबकला पोचलो, आणि बिबट्या राहिला बाजूला. त्याला हुडकणाऱ्या माणसातच जीव गुंतला.

रुंबक हे हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातलं छोटं गाव. १९८१ साली स्थापन झालेलं हे उद्यान वाढत वाढत सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरांचं झालं. जानेवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात अंदाजे ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांतले ४७७ लडाखमध्ये.

आमचे वाटाडे पन्नाशी ओलांडलेले. धाकटी पोरं त्यांना ‘आचो-ले’, म्हणजे दादा म्हणत; आम्हीही तेच म्हणू लागलो. उजाडायच्या आत तिपाईवर दुर्बीण लावून ते उभे राहत. पण दुर्बिणीला डोळा लावायची घाई नाही. आधी नुसत्या नजरेनं कड्याची धार तपासायची, कारण आभाळाच्या पार्श्वभूमीवर पाठीची रेघ उठून दिसते. मग खालचे खडक, शेवटी सावल्या. बिबट्याला ते थेट शोधतच नसत. ते शोधत भरल, म्हणजे बिबट्याचं भक्ष्य असलेल्या रानमेंढ्या. कळप निवांत चरत असेल तर पुढचा उतार बघायचा. सगळ्यांच्या माना ताठ होऊन एकाच दिशेला वळल्या की दुर्बीण तिकडं फिरवायची. कुठं डोमकावळे गोळा झाले, तर शिकार पडली असावी. वाटेत पुढं झुकलेला एखादा खडक आला की आचो-ले वाकून त्याची खालची बाजू हुंगत. बिबट्या तिथं मूत्राचा फवारा मारून हद्द सांगतो. जानेवारी ते मार्च हा माजाचा काळ, त्यामुळं या खुणा वाढलेल्या असतात.

हे कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, मेंढ्या राखताना. बिबट्या गोठ्यात शिरला की बिथरलेली जनावरं एकामागून एक मारत सुटायचा; एका रात्रीत घर बसायचं. मग गावकरी सूड उगवायचे. रिंचेन वांगचुक यांच्या स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्टनं गोठ्यांवर जाळीची छपरं घालायला मदत केली आणि ‘हिमालयन होमस्टे’ उभे केले. पाहुण्यांचे पैसे थेट घरात येऊ लागले. वांगचुक २०११ साली गेले, पण त्यांनी घालून दिलेली ही रीत लडाखभर पसरली.

काळजी वाटते ती पुढची. आता नव्या पोरांकडं उत्तम दुर्बिणी आहेत, इंग्रजी आहे, पक्ष्यांची नावं तोंडपाठ आहेत. मेंढ्या मात्र त्यांनी राखलेल्या नाहीत. पाहुण्यांवर घर चालतं, मग जनावरांमागं कडाक्याच्या थंडीत कोण जाईल? त्यांना दोष देता येत नाही, पण आचो-लेंची शाळा बंद पडते आहे. त्यात आम्हा पाहुण्यांची घाई. बिबट्या दिसल्याची खबर वॉकीटॉकीवर फुटली की सगळ्यांना अजून थोडं जवळ जायचं असतं. नाही म्हणणाऱ्या वाटाड्याला बक्षिशी कमी मिळण्याची धास्ती. शिवाय भटकी कुत्री. पर्यटनाच्या आणि वस्त्यांच्या कचऱ्यावर पोसलेल्या टोळ्या लडाखात वन्यप्राण्यांच्या मागं लागतात. भरल घटले तर बिबट्या काय खाणार?

हेमिसला जरूर जा. गावातल्या घरात उतरा, कचरा परत आणा. आणि वाटाड्यानं ‘इथून पुढं नाही’ म्हटलं की तिथंच थांबा. बक्षिशी त्याला त्या नकाराचीही द्या.