चाप, बोट आणि राज्यांचे कायदे

लेखमाला : शस्त्रकायद्याची भाषा – भाग ५

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेच्या १९३४ सालच्या ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’पाशी थांबलो होतो. त्या कायद्यानं मशीनगनवर बंदी घातली नव्हती. नोंदणी सक्तीची केली आणि दोनशे डॉलरचा कर लावला. त्यातल्या व्याख्येचा गाभा आजही तोच आहे: चापाच्या एका क्रियेनं, हातानं पुन्हा गोळी न भरता, आपोआप एकाहून जास्त गोळ्या झाडणारं हत्यार म्हणजे मशीनगन. साध्या बंदुकीची मशीनगन करणारे सुटे भाग १९६८ साली या व्याख्येत आले. १९८६ नंतर बनलेली मशीनगन नागरिकाला बाळगता येत नाही.

आज राज्यांकडे वळू. अमेरिकेत बहुतेक गुन्ह्यांचे खटले राज्यांच्याच न्यायालयांत चालतात आणि प्रत्येक राज्याची दंडसंहिता निराळी असते. म्हणून ‘स्वयंचलित’ कशाला म्हणायचं याचं उत्तरही राज्यागणिक बदलतं.

या विषयात राज्यं केंद्राच्या आधी पोहोचली होती. थॉम्पसन सबमशीनगन १९२१ पासून बाजारात विकली जाऊ लागली आणि दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी ती उचलली. तेव्हा राज्यांनी सोपा मार्ग धरला, तो गोळ्या मोजण्याचा. मिशिगननं १९२७ साली पुन्हा न भरता सोळाहून जास्त वेळा झाडता येणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडनं बाराचा आकडा धरला. केंद्राच्या १९३४ च्या विधेयकाचा पहिला मसुदाही बारा गोळ्यांवरच उभा होता. त्यावरच्या सुनावणीत नॅशनल रायफल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी आक्षेप घेतला. बंदुकीत किती गोळ्या मावतात याला महत्त्व नाही. चापाच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या सुटतात का, ते पाहा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं. बंदूकधारकांच्या संघटनेच्या अध्यक्षानं सुचवलेली शब्दरचना पुढे नव्वद वर्षं देशाची कसोटी ठरली. ती सूचना प्रामाणिक होती आणि शहाणपणाचीही होती, असं मला वाटतं. सोळा गोळ्यांची बंदूक माणूस सावकाशही झाडू शकतो, तर सहा गोळ्यांची मशीनगन क्षणात रिकामी होते.

तरी जुने आकडे पुरते गेले नाहीत. राज्यांसाठी समान कायद्यांचे नमुने तयार करणाऱ्या परिषदेनं १९३२ साली मशीनगनबद्दलचा एक आदर्श मसुदा केला आणि काही राज्यांनी तो थोड्या फेरफारानं स्वीकारला. त्याच वंशातल्या आर्कान्सासच्या कायद्यात मर्यादा ‘पाचाहून जास्त’ गोळ्यांची आहे, माँटानाच्या कायद्यात ‘सहाहून जास्त’. टेक्सासची दंडसंहिता चापाच्या एका क्रियेत ‘दोनाहून जास्त’ गोळ्या आपोआप झाडणाऱ्या बंदुकीला मशीनगन म्हणते. शब्दशः वाचलं तर एका दाबात नेमक्या दोन गोळ्या सोडणारं हत्यार टेक्सासच्या व्याख्येतून निसटतं आणि केंद्राच्या व्याख्येत सापडतं. वॉशिंग्टन राज्यानं वेग धरला: प्रत्येक गोळीसाठी चाप दाबावा लागत नाही आणि सेकंदाला पाच किंवा त्याहून जास्त गोळ्या सुटतात, ते यंत्र मशीनगन. न्यूयॉर्क आणि कनेटिकटचे कायदे ‘चापाच्या एका सलग ओढीत’ सुटणाऱ्या गोळ्यांबद्दल बोलतात.

‘चापाची एक क्रिया’ आणि ‘चापाची एक सलग ओढ’ यांत १९३० च्या दशकात कुणाला फरक दिसला नसता. तेव्हाच्या मशीनगनमध्ये दोन्ही गोष्टी एकदमच घडत. फरक दिसला तो चापाला आणि दस्त्याला जोडायची उपकरणं आली तेव्हा.

ही उपकरणं कुठे बसतात ते कळायला अर्धस्वयंचलित बंदूक समजून घ्यावी लागते. ती गोळी झाडल्यावर पुढची गोळी स्वतःच नळीत आणते, पण झाडत नाही. त्यासाठी बोट ढिलं सोडावं लागतं, चाप पुढे येऊन पुन्हा सज्ज होतो आणि मग पुन्हा दाबावा लागतो. एका सेकंदात किती गोळ्या सुटतील हे शेवटी माणसाच्या बोटावर ठरतं. सगळी उपकरणं बोटाची ही मर्यादा ओलांडण्यासाठी आहेत. ‘बम्प स्टॉक’ हा सरकता दस्ता. गोळीच्या धक्क्यानं रायफल मागे सरकते, दुसऱ्या हाताच्या दाबानं पुढे येते आणि स्थिर धरलेल्या बोटावर चाप पुन्हा पुन्हा आदळतो. ‘ट्रिगर क्रँक’मध्ये हँडल फिरवलं की त्याच्या प्रत्येक फेऱ्यात चाप अनेकदा दाबला जातो. ‘बायनरी ट्रिगर’ दाबताना एक गोळी सोडतो आणि बोट उचलताना दुसरी. ‘फोर्स्ड रिसेट ट्रिगर’मध्ये यंत्रणाच चापाला जोरानं मूळ जागी ढकलते.

बम्प स्टॉकमध्ये चाप प्रत्येक गोळीला हलतो, पण बोट जागचं हलत नाही. मग कायद्यानं पाहायचं कुणाकडे?

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये एका हल्लेखोरानं मँडले बे हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून खाली चाललेल्या संगीत महोत्सवावर सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. त्याच्या अनेक रायफलींना बम्प स्टॉक होते. त्या रात्रीच्या मृतांचा आकडा अठ्ठावन्न होता. जखमांनी पुढे गेलेल्या दोघांना धरून तो साठ झाला. शस्त्रांचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, एटीएफनं, २०१० मध्ये एका बम्प स्टॉकबद्दल ‘हे मशीनगनमध्ये येत नाही’ असा निर्वाळा दिला होता. डिसेंबर २०१८ मध्ये तिनं तो फिरवला. मार्च २०१९ पासून देशभरात बम्प स्टॉक बाळगणं गुन्हा ठरलं.

टेक्सासमधले बंदूकविक्रेते मायकेल कारगिल यांनी आपले बम्प स्टॉक जमा केले आणि दावा लावला. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूनं कौल दिला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्याच दिल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक गोळीला चाप एकदा सुटतो आणि एकदा दाबला जातो, म्हणजे प्रत्येक गोळीला चापाची वेगळी क्रिया होते. त्यामुळे बम्प स्टॉक मशीनगनच्या व्याख्येत बसत नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात झाडणाऱ्याकडे पाहिलं. त्यानं एकदा चाप ओढला, पुढे दाब ठेवला आणि गोळ्या सुटत राहिल्या. १९३४ च्या संसदेला नेमकं हेच रोखायचं होतं. सहमतीचं स्वतंत्र मत देताना न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिलं की यावर साधा उपाय आहे: संसदेनं कायदा बदलावा.

थॉमस यांच्या आकृत्या यंत्रशास्त्रात चूक नाहीत. पण मला सोटोमायोर यांचं वाचन अधिक खरं वाटतं. त्या महोत्सवाच्या मैदानावर सैरावैरा धावणाऱ्यांना वरची यंत्रणा आतून कशी हलते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि १९३४ चा कायदा अशाच लोकांच्या रक्षणासाठी होता. अलिटो यांच्या सूचनेला मात्र माझ्याकडे विरोध नाही. तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा एखाद्या संस्थेनं आधी नाकारावा आणि मग नियमानं निर्माण करावा, यापेक्षा निवडून आलेल्या सभागृहानं तो स्पष्ट शब्दांत सांगावा हे बरं. केंद्रात ते घडलं नाही. राज्यांनी करून दाखवलं आणि म्हणूनच या निकालानं त्यांचे कायदे पडले नाहीत. न्यायालयानं अर्थ लावला होता तो केंद्राच्या कायद्याचा, राज्यांच्या कायद्यांचा नव्हे.

मॅसॅच्युसेट्सनं लास व्हेगासनंतर सुमारे महिनाभरात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मशीनगनच्या व्याख्येत बम्प स्टॉक आणि ट्रिगर क्रँक ही नावं थेट घातली. बम्प स्टॉकचं वर्णनही तिथे नेटकं आहे: बंदुकीच्या धक्क्याची शक्ती वापरून मागेपुढे हालचाल घडवणारं आणि त्यातून चाप वारंवार चालवणारं उपकरण. क्रँकच्या व्याख्येत एक अपवाद ठेवला आहे. जी बंदूक मुळातच हँडलनं चालावी म्हणून घडवली, ती यात येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या गॅटलिंग गनसारखी हँडलवर चालणारी हत्यारं आजही संग्राहकांकडे असतात आणि मसुदाकारांनी त्यांचं भान ठेवलं. कायदा लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटावा अशी ही ओळ आहे.

न्यू जर्सीनं जानेवारी २०१८ मध्ये तेच केलं. एडिसन-जर्सी सिटी भागातल्या मराठी कुटुंबांसाठी हा त्यांच्या राज्याचा कायदा आहे. तिथून नोकरीसाठी टेक्सासला गेलेल्यांना तिथल्या दंडसंहितेत बम्प स्टॉकचं नावही सापडणार नाही. फ्लोरिडाचा कायदा मार्च २०१८ चा, पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतरचा. तिथे माप माणसाचं आहे: कोणत्याही उपकरणाच्या मदतीशिवाय माणूस जितक्या वेगानं झाडू शकेल, त्याहून जास्त वेग देणारं साधन निषिद्ध. व्हर्जिनियानं २०२० मध्ये व्याख्या करताना ‘चापाची एक ओढ’ हे जुनं वळण घेतलं. पण पुढे जोडलं की धक्क्याच्या शक्तीनं चाप सज्ज होतो आणि झाडणाऱ्यानं चापावर आणखी काही न करता गोळीबार चालू राहतो. या पुस्तीमुळे नजर चापावरून माणसाकडे वळते.

कॅलिफोर्नियाची तरतूद या सगळ्यांहून जुनी आहे. एकाच वेळी गोळ्यांचा झोत सोडू देणारं उपकरण आणि अर्धस्वयंचलित बंदुकीला जोडल्यावर झाडण्याचा वेग वाढवणारं, हातानं किंवा शक्तीवर चालणारं उपकरण, दोन्ही तिनं निषिद्ध केली. ती व्यापक आहे आणि इथेच बंदूकधारकांचा आक्षेप ऐकून घ्यायला हवा. ‘वेग वाढवणारं’ एवढंच म्हटलं तर नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बसवलेला हलका चापही त्यात येईल का? फ्लोरिडाच्या मापात माणूस कोणता धरायचा, नवखा की पट्टीचा नेमबाज? फौजदारी कायद्यात नागरिकाला आधी कळलं पाहिजे की काय केलं तर गुन्हा होतो. म्हणून मला मॅसॅच्युसेट्सची पद्धत अधिक पटते: उपकरण काम कसं करतं ते सांगा, मग त्याला मनाई करा. तिची किंमतही आहे. नवीन युक्ती निघाली की पुन्हा विधिमंडळात जावं लागतं.

मिनेसोटाला ते करावं लागलं. तिथल्या जुन्या व्याख्येत चाप ओढण्याचा वेग वाढवणाऱ्या, जोडता-काढता येणाऱ्या उपकरणाचा उल्लेख होता. बायनरी ट्रिगर त्यात नीट बसत नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्न्सव्हिल इथे दोन पोलीस आणि एक अग्निशामक-वैद्यकीय कर्मचारी मारले गेले; हल्लेखोराकडच्या एका शस्त्राला बायनरी ट्रिगर होता. त्याच वर्षी विधिमंडळानं ‘एकदा ओढणं आणि सोडणं’ यात एकाहून जास्त गोळ्या झाडू देणारं उपकरणही व्याख्येत आणलं. मात्र ही दुरुस्ती हजाराहून अधिक पानांच्या एका एकत्रित विधेयकात घातली गेली. एका कायद्यात एकच विषय असावा, अशी मिनेसोटाच्या राज्यघटनेची अट आहे. २०२५ मध्ये रॅम्सी काउंटीच्या जिल्हा न्यायालयानं त्याच कारणावरून ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. व्याख्या चांगली लिहिली होती, संमत करण्याची घाई नडली. तीन माणसं गेल्यावर तरी स्वतंत्र विधेयकासाठी सभागृहानं वेळ काढायला हवा होता.

फोर्स्ड रिसेट ट्रिगरच्या बाबतीत मे २०२५ मध्ये केंद्रीय न्याय विभागानं उत्पादक कंपनीशी समझोता करून माघार घेतली. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी त्याविरुद्ध न्यायालय गाठलं. केंद्र मागे सरतं तिथे राज्याच्या स्वतःच्या व्याख्येवर किती भार येतो, ते यातून दिसतं.

याच्या उलट ‘स्विच’ची गोष्ट आहे. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला बसणारा हा नाण्याएवढा तुकडा पिस्तूल पूर्ण स्वयंचलित करतो. केंद्राच्या कायद्यात तो निर्विवाद मशीनगनच आहे, जोडलेला नसला तरीही. तरी अलाबामानं मार्च २०२५ मध्ये त्यावर राज्याचा वेगळा कायदा केला. सप्टेंबर २०२४ मध्ये बर्मिंगहॅम शहरात चौघांचा बळी घेणाऱ्या आणि सतरा जणांना जखमी करणाऱ्या गोळीबारात असे तुकडे वापरल्याचा पोलिसांचा कयास होता. केंद्राचा गुन्हा केंद्राच्या वकिलानंच चालवायचा असतो. तो दुसऱ्या कामात गुंतला असेल, तर गल्लीत स्विच पकडणाऱ्या स्थानिक पोलिसाच्या हाती काही उरत नाही. राज्याच्या कायद्यानं जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला तो खटला मिळतो.

आपल्याकडे शस्त्रं हा संघसूचीतला विषय असल्यानं हे राज्यागणिक चित्र नाही. १९५९ च्या भारतीय शस्त्र अधिनियमानं ‘निषिद्ध शस्त्र’ ठरवताना चापावरचा दाब पाहिला: दाब दिल्यावर तो काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील, अशी रचना केलेलं हत्यार. गडचिरोलीपासून मुंबईपर्यंत कसोटी एकच.

कॅलिफोर्निया आता आणखी पुढे गेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे झालेल्या कायद्यानुसार, घरगुती हत्यारांनी सहज स्विच बसवता येईल अशा रचनेची नवी पिस्तुलं १ जुलै २०२६ पासून दुकानदारांना विकता येणार नाहीत. उपकरणाबरोबर आता मूळ पिस्तुलाच्या घडणीचीही व्याख्या करावी लागली आहे. बंदुकीचा नेमका कोणता भाग म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ‘बंदूक’, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. तो पुढच्या आठवड्यात.