पडदा काळा, दोष केबलला

"केबल गेली वाटतं. नवी मागवा." चाकण एमआयडीसीतल्या कॉन्फरन्स रूमपासून तळवड्याच्या आयटी ऑफिसांपर्यंत हे निदान इतक्या आत्मविश्वासानं होतं, की तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. ऑडिटला आलेली मंडळी खुर्च्यांवर, लॅपटॉप जोडलेला आणि प्रोजेक्टर निळाच. स्टोअरमधून नवी एचडीएमआय केबल येते, लावली की कधीकधी चित्रही येतं. झालं, गैरसमजाला पुरावा मिळाला!

चित्र आलं ते बहुतेक वेळा केबल नवी होती म्हणून नव्हे, काढून पुन्हा लावली म्हणून. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी सगळ्या काही चित्र वाहत नाहीत. १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून लॅपटॉप समोरच्या उपकरणाला विचारतो, तुला काय काय दाखवता येतं? त्यासाठी १८व्या पिनवर तो स्वतःच ५ व्होल्ट देतो. समोरचा हजर आहे की नाही, ते १९वी पिन सांगते. उत्तरादाखल येणारी माहिती म्हणजे ईडीआयडी, साइटवरच्या मुलांच्या तोंडी 'एडिड'. केबल काढून लावली की ही विचारपूस नव्यानं होते. जुनीच केबल काढून लावली असती तरी झाली असती. केबल खरोखर खराब असेल तर चित्रात ठिपके चमकतात, चित्र मध्येच जातं आणि येतं. त्याच प्रोजेक्टरवर त्याच केबलवरून दुसऱ्या लॅपटॉपचं, तेवढ्याच रिझोल्यूशनचं चित्र स्वच्छ दिसत असेल, तर केबलला कृपा करून सोडून द्या.

मॅट्रिक्स स्विचर, म्हणजे कुठल्याही इनपुटचं चित्र हव्या त्या पडद्यांना देणारा डबा, मध्ये आला की गोष्ट आणखी बदलते. लॅपटॉपची पडद्याशी गाठच पडत नाही. तो बोलतो मॅट्रिक्सच्या इनपुटशी, आणि त्या इनपुटमध्ये एका वेळी एकच एडिड साठवलेला असतो. समजा, त्यात भिंतीवरच्या नव्या ४के टीव्हीचा एडिड आहे. लॅपटॉप इमानदारीत ४के पाठवतो. टीव्ही खूश, पण शेजारचा १९२० बाय १०८०चा प्रोजेक्टर ते चित्र घेऊच शकत नाही. यावर हमखास येणारा युक्तिवाद असा: मॅट्रिक्स ४केचा आहे, तो घेईल ना सांभाळून! नाही घेणार. ४केचा मॅट्रिक्स ४के आरपार जाऊ देतो. आउटपुटला स्केलर नसेल तर ते लहान करून देत नाही. एकच लॅपटॉप दोन्हीकडे दाखवायचा असेल, तर इनपुटला दोघांनाही झेपेल असा १०८०चा एडिड द्यावा लागतो. सगळ्यात महागड्या पडद्याचा एडिड सगळ्या इनपुटांना चिकटवणारे लोक पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

इनपुटला एडिड देण्याचं हे काम सिरियल पोर्टवरून किंवा नेटवर्कवरून एका कमांडनं होतं. क्रेमर कंपनीच्या 'प्रोटोकॉल ३०००'मध्ये तिचं नाव सीपीएडिड. तिला चार गोष्टी सांगायच्या: एडिड कशातून घ्यायचा (० म्हणजे इनपुट, १ आउटपुट, २ कारखान्यातला डिफॉल्ट), त्याचा नंबर, कुठल्या प्रकारच्या पोर्टला द्यायचा, आणि शेवटी नेमक्या कुठल्या पोर्टांना. गोची या शेवटच्या आकड्यात आहे. तिसऱ्या इनपुटसाठी लोक बिनधास्त ३ लिहितात. मॅन्युअल उघडा: तो पोर्टचा नंबर नाही, बिटमॅप आहे. पहिल्या इनपुटला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, चौथ्याला ८. अनेक हवे असतील तर बेरीज. म्हणजे ३ लिहिलं की पहिला आणि दुसरा, दोन्ही पुसले जातात आणि तिसरा होता तसाच राहतो. मग पुन्हा कुणीतरी म्हणतं, केबल बघा.

म्हणून कमांड दिल्यावर इनपुटचा एडिड परत वाचून घ्यावा. ज्यांना हे गूढ वाटतं त्यांच्यासाठी: व्हेसा या संस्थेनं १९९४मध्ये आणलेल्या या रचनेचा मूळ भाग फक्त १२८ बाइटांचा आहे. आठव्या-नवव्या बाइटांत (मोजणी शून्यापासून) कंपनीची तीन अक्षरं असतात. सतराव्यात साधारणपणे निर्मितीचं वर्ष, १९९० वजा करून. २०१९चा पडदा असेल तर तिथे २९. कुणाचा एडिड बसलाय ते एवढ्यावरूनही बरंचसं कळतं.

बाकीचे किरकोळ. टीव्ही बंद असला की एडिड वाचताच येत नाही, हे सरसकट खरं नाही. बहुतेक पडद्यांची एडिड चिप त्या ५ व्होल्टवर चालते. एडिड बदलून एचडीसीपीचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप उघडत नाही. दोघांची बोलणी १५-१६ पिनांवरूनच होतात, एवढंच त्यांचं नातं. एडिडमधलं एखादं अक्षर हातानं बदललं तर शेवटचा बाइटही बदलावा लागतो, कारण १२८ बाइटांची बेरीज २५६नं पूर्ण भागली गेली पाहिजे. आणि चित्र झकास पण छतातले स्पीकर मुके, यात दर वेळी अॅम्प्लिफायरचा दोष नसतो: आवाजाचे प्रकारही एडिडच्या जोडभागात, सीटीए-८६१मध्ये लिहिलेले असतात. टीव्हीनं डॉल्बी चालतं म्हटलं आणि लॅपटॉपनं तेच पाठवलं, तर साध्या स्टिरिओ वाटेला ते उलगडत नाही. तिथे त्या इनपुटला स्टिरिओवाला एडिड द्या.