डोळ्यांच्या हालचालींतून मानसिक आघातावर उपचार : ईएमडीआर म्हणजे काय?

छातीत धडधडतं म्हणून एक पेशंट महिन्याभरात तीन वेळा माझ्याकडे आला. वय ३८, दुधाचा टेम्पो चालवणारा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, बीपी किंचित वर. पहिल्यांदा मी पित्ताची गोळी दिली, दुसऱ्यांदा झोपेची. तिसऱ्या वेळी त्याची बायको सोबत आली. ती म्हणाली, "डॉक्टर, चार महिन्यांपूर्वी घाटात यांचा अपघात झाला. तेव्हापासून ब्रेक जळाल्याचा वास आला तरी यांना घाम फुटतो. रात्री ओरडत उठतात. टेम्पो नुसता दारात उभा आहे." अपघाताबद्दल मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ही माझी चूक.

या त्रासाला पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर ताण विकार म्हणतात. अपघात, भूकंप, पूर, मारहाण, लैंगिक अत्याचार, आयसीयूतले दिवस, अवघड बाळंतपण अशा कशानंतरही तो होऊ शकतो. प्रसंग नको असताना डोळ्यांसमोर येतो, वाईट स्वप्नं पडतात, त्या जागा आणि ती माणसं टाळली जातात, बारीक आवाजालाही माणूस दचकतो, चिडचिड वाढते. मात्र घटनेनंतरचे पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली आणि रोजच्या कामाच्या आड येऊ लागली, तरच हे निदान करतात.

साधी आठवण काळाबरोबर फिकी होते. आघाताची आठवण अनेकदा तशी होत नाही. त्यातला वास, आवाज, छातीतली कळ सगळं जसंच्या तसं राहतं. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. पीटीएसडीत ती घंटा धोका टळल्यावरही वाजत राहते. 'ते तेव्हा घडलं, आता मी घरात आहे' हे डोक्याला कळतं, शरीराला पटत नाही. म्हणूनच "विसरून जा आता" या सल्ल्याचा उपयोग होत नाही.

ही पद्धत आली कुठून?

ईएमडीआर म्हणजे 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग'. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो १९८७ मध्ये एका बागेत फिरत होत्या. आपले डोळे भराभर इकडून तिकडे फिरत असताना मनातल्या त्रासदायक विचारांची धार कमी होते, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यावर काम करून १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला अनेक डॉक्टरांनी नाकं मुरडली, आणि खरं सांगायचं तर मलाही हे पहिल्यांदा ऐकताना जादूटोण्यासारखंच वाटलं होतं. पण पुढे चाचण्या होत गेल्या आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडी असलेल्या प्रौढांसाठी आणि मुलांसाठीही सुचवलेल्या उपचारांत ईएमडीआरचा समावेश केला.

प्रत्यक्ष काय करतात?

पहिल्या भेटीतच डोळे फिरवायला लावत नाहीत. थेरपिस्ट आधी पूर्ण माहिती घेतात, कोणत्या आठवणीवर काम करायचं ते ठरवतात आणि मन शांत करण्याचे एक-दोन मार्ग शिकवतात. त्यातला एक म्हणजे मनात सुरक्षित जागा आणणं. आमच्या पेशंटने मामाच्या विहिरीवरचा आंबा निवडला होता. ही तयारी कुणाला एका भेटीत जमते, कुणाला चार भेटी लागतात. ती टाळून थेट आठवणीला हात घालणारा थेरपिस्ट असेल, तर मी सावध होईन.

मग आठवणीतलं सर्वांत वाईट दृश्य निवडतात. ते आठवताना स्वतःबद्दल काय वाटतं तेही विचारतात. आमचा पेशंट म्हणाला होता, "माझ्यामुळे झालं." त्याऐवजी काय मानता आलं तर बरं वाटेल, त्रास ० ते १० मध्ये किती, तो शरीरात कुठे जाणवतो, हेही विचारतात. त्याचा आकडा ९ होता.

यानंतर ते दृश्य मनात धरून थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांकडे नजर ठेवायची. साधारण अर्धा मिनिट. थांबायचं, श्वास घ्यायचा. "आता काय येतंय?" एवढंच विचारतात. जे येईल ते थोडक्यात सांगायचं, आणि पुढचा फेरा. बोटांऐवजी कधी दिव्यांची पट्टी असते, कधी दोन्ही तळहातांवर आळीपाळीने टिचक्या, कधी हेडफोनमध्ये आलटून पालटून आवाज. एक बैठक ६० ते ९० मिनिटांची असते. एकाच प्रसंगाच्या आघाताला बऱ्याचदा ८ ते १२ बैठका लागतात. लहानपणापासून वर्षानुवर्षं अत्याचार झाले असतील, तर त्याहून जास्त.

हे संमोहन नाही. तुम्ही पूर्ण शुद्धीवर असता आणि हात वर करून कधीही थांबवू शकता. घडलेलं सगळं बारकाव्यांसह सांगावंही लागत नाही. जे बोलता येत नाही ते मनात ठेवूनच उपचार घेता येतात, आणि अत्याचार सोसलेल्या अनेक स्त्रियांसाठी मला हीच सर्वांत मोठी सोय वाटते.

याने फरक का पडतो?

याचं नक्की उत्तर अजून मिळालेलं नाही. एक बऱ्यापैकी पटणारा विचार असा : आपल्या मेंदूची क्षणापुरतं धरून ठेवण्याची जागा छोटी आहे. दृश्य आठवणं आणि नजर फिरवणं ही दोन कामं एकदम आली, की दृश्याला पूर्ण जागा मिळत नाही. ते फिकं होतं आणि तसंच पुन्हा साठवलं जातं. डोळ्यांच्या हालचालींमुळे नेमका किती फायदा होतो आणि आठवणीला सुरक्षितपणे सामोरं गेल्यामुळे किती, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. आघातावर केंद्रित सीबीटी या दुसऱ्या उपचारपद्धतीचा गुणही साधारण तितकाच येतो. जवळ सीबीटीचा चांगला थेरपिस्ट असेल, तर ईएमडीआरसाठी दूर धावण्याची गरज नाही.

आठवण मात्र पुसली जात नाही.

काय सांभाळायचं?

फिट्सचा आजार, डोळ्यांचं दुखणं किंवा पडद्याचा विकार असेल तर आधी सांगा. नजरेऐवजी टिचक्या वापरता येतात. गरोदर असाल तरी सांगा. आत्महत्येचे विचार येत असतील, दारू रोजची असेल किंवा अधूनमधून भानच हरपत असेल, तर आधी ते सावरावं लागतं. बैठकीनंतर एक-दोन दिवस थकवा येतो, स्वप्नं वाढतात, रडू येतं. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या. आणि मोबाइलवर हलत्या ठिपक्यांचे व्हिडिओ लावून हा प्रयोग घरी करू नका. आठवण उघडली आणि सावरायला कुणी नसलं, तर त्रास वाढतो.

चालू गोळ्या मनाने बंद करू नका. सर्ट्रालिनसारखी औषधं पीटीएसडीत उपयोगी पडतात आणि थेरपीसोबत घेता येतात. क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांनी मात्र हा आजार बरा होत नाही आणि त्यांची सवय लागते.

थेरपिस्ट निवडताना दोन गोष्टी विचारा : मूळ शिक्षण काय, आणि ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं? मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावेत. फी आणि अंदाजे बैठका आधीच विचारायला संकोचू नका. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी "थेरपीत आज काय काय सांगितलंस?" असं विचारू नये. चहा ठेवावा, सोबत बसावं, बोलला तर ऐकावं.

आमच्या पेशंटला नऊ बैठका लागल्या. आकडा ९ वरून १ वर आला. ब्रेक जळाल्याचा वास आला की तो अजूनही खिडकीची काच खाली करतो. दुधाचा टेम्पो पहाटे चारला निघतो, घाटातून पहिले तीन महिने त्याचा भाऊ शेजारी बसून जायचा.