स्ट्रेचिंग केल्यावर शरीर खरंच 'तेवढं' वाकतं का? वेगवेगळ्या पद्धती काय करतात आणि धोका कुठे आहे?

'३० दिवसांत लवचिक व्हा' असं सांगणारे रील्स प्रत्येकाच्या फीडमध्ये येतात. त्यांच्या कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास असतो. कुणी तो गमतीने विचारतं, कुणी आडून विचारतं. स्वतःचं लिंग स्वतःच्या तोंडापर्यंत पोहोचेल इतकं शरीर वाकवता येतं का?

याला ऑटोफेलेशियो म्हणतात. मराठीत स्वमुखमैथुन म्हणता येईल. हा विषय घरी किंवा डॉक्टरांसमोर काढायची सोय नसते. त्यामुळे उत्तरं शोधली जातात ती मित्रांच्या गप्पांत आणि अर्धवट व्हिडिओंमध्ये. त्यातून पाठ किंवा मान दुखावली, तर लाजेपोटी ती गोष्ट लपवली जाते.

म्हणूनच हे नीट समजून घेऊ. स्ट्रेचिंगच्या कोणत्या पद्धतीने नेमकं काय होतं आणि शरीराची मर्यादा कुठे येते?

किती जणांना जमतं?

अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ मध्ये पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा त्यांचा गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला. असा प्रयत्न करून पाहिल्याचं बऱ्याच पुरुषांनी त्यात सांगितलं होतं. पण ते जमणारे हजारात दोन-तीनच होते.

म्हणजे कुतूहल नवं नाही आणि त्यात विकृतीही नाही. मात्र न जमणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे.

रॉक गायक मेरिलिन मॅन्सनने यासाठी बरगड्या काढून घेतल्या, अशी अफवा १९९० च्या दशकात जगभर पसरली होती. ती निव्वळ अफवा होती, पण आजही ती फॉरवर्ड होत असते.

शरीर नेमकं कुठून वाकतं?

पुढे वाकताना दोन ठिकाणी हालचाल होते. एक खुब्याच्या सांध्यात आणि दुसरी पाठीच्या कण्यात.

पाय सरळ ठेवून बोटं धरायला गेलं की मांडीच्या मागे ताण येतो. तिथले हॅमस्ट्रिंग स्नायू खुब्याला आणखी वाकू देत नाहीत. बहुतेक लोक 'लवचिकता' म्हणतात ती हीच.

पण गुडघे दुमडले की हॅमस्ट्रिंग सैल पडतात. मग अडवणूक होते ती कण्याची. कमरेचे पाच मणके मिळून साधारण ५० ते ६० अंश पुढे वाकतात. त्यांच्या वरच्या बारा मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने तो भाग फारसा वाकत नाही. उरलेली हालचाल मानेची.

कण्याला अडवणाऱ्या गोष्टींत स्नायूंपेक्षा अस्थिबंध, मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) आणि बरगड्यांचा पिंजरा यांचा वाटा मोठा असतो. शिवाय धडाची लांबी आणि पोटाचा घेर यांनीही फरक पडतो. पोट कमी करता येतं. हाडांची लांबी कोणत्याही व्यायामाने बदलत नाही.

थोडक्यात, पायाची बोटं सहज धरणाऱ्यालाही हे जमेलच असं नाही.

पद्धती कोणत्या आणि त्या काय करतात?

स्टॅटिक स्ट्रेचिंग: एका स्थितीत जाऊन शांतपणे थांबायचं. 'अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'च्या शिफारशीनुसार प्रौढांनी एक ताण १० ते ३० सेकंद धरावा. एका स्नायूसाठी असे मिळून ६० सेकंद व्हावेत आणि आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस हे करावं. हॅमस्ट्रिंगवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत ३० सेकंद ताण धरल्याने मिळालेला फायदा ६० सेकंदांइतकाच होता. म्हणजे पाच-पाच मिनिटं दात-ओठ खात बसायची गरज नाही. घरी एकट्याने करायला ही सगळ्यात सोपी आणि सुरक्षित पद्धत आहे.

डायनॅमिक स्ट्रेचिंग: पाय झुलवणं, लंजेस, कंबर फिरवणं अशा नियंत्रित हालचाली. शरीर गरम करायला आणि खेळाआधी हे उत्तम. पण शेवटच्या टोकाला जाऊन तिथे थांबण्याची क्षमता यातून तितकी वाढत नाही.

बॅलिस्टिक स्ट्रेचिंग: शाळेच्या पीटीत 'एक-दोन, एक-दोन' करत झटके देऊन वाकायला लावायचे, ते हेच. स्नायू अचानक ताणला गेला की त्यातले संवेदक त्याला उलट आकुंचन पावायला लावतात. प्रशिक्षित खेळाडू मार्गदर्शनाखाली ही पद्धत वापरतात. घरी कणा वाकवण्यासाठी झटके देणं मात्र टाळावं.

पीएनएफ: १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कबाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लकव्याच्या रुग्णांसाठी विकसित केलेल्या उपचारातून ही पद्धत आली. आधी स्नायू ताणायचा, मग तोच तीन ते सहा सेकंद आवळायचा, सैल सोडायचा आणि पुन्हा १० ते ३० सेकंद ताणायचा. हॅमस्ट्रिंगसारख्या स्नायूंत याचा परिणाम चटकन दिसतो. पण जोडीदाराने जास्त दाबलं तर इजा होऊ शकते. पाठीवर किंवा मानेवर कुणालाही बसवून किंवा दाबायला लावून हा प्रयोग अजिबात करू नये.

योगासनं: पश्चिमोत्तानासन आणि हलासन ही या संदर्भात सर्वाधिक सुचवली जाणारी आसनं. पश्चिमोत्तानासनात खुबा आणि मांडीचा मागचा भाग मोकळा होतो. हलासनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात पाय डोक्यामागे जातात आणि शरीराचा भार खांदे आणि मानेवर येतो. पुण्यात दीर्घकाळ शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत अशा आसनांत मानेवरचा दाब कमी करण्यासाठी खांद्यांखाली घडी घातलेली ब्लँकेट्स ठेवतात. व्हिडिओ पाहून गादीवर पाय मागे टाकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा त्रास असलेल्यांनी हलासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मग कोणती पद्धत 'जिंकते'?

मांडी आणि खुब्यासाठी विचाराल, तर नियमित स्टॅटिक स्ट्रेचिंग आणि पीएनएफ दोन्ही उपयोगी आहेत. पद्धतीपेक्षा सातत्य महत्त्वाचं.

पण काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने नेमकं काय बदलतं? स्नायू लांब होतो, असा सर्वसाधारण समज आहे. २०१० मध्ये वेपलर आणि मॅग्नुसन या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढलेली लवचिकता मुख्यतः ताण सहन करण्याची क्षमता वाढल्यामुळे असते, असं त्यांनी मांडलं. स्नायू जवळपास तोच असतो, मेंदू 'थांब' हा इशारा थोडा उशिरा देतो.

धोका इथेच आहे. हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत इशारा उशिरा मिळाला तरी बहुधा फारसं बिघडत नाही. कण्याच्या बाबतीत मात्र त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणं महागात पडू शकतं.

पाठीला काय होऊ शकतं?

कणा पूर्ण वाकवून वर जोर दिला, की चकतीचा पुढचा भाग दाबला जातो आणि मागच्या भागावर ताण येतो. असं वारंवार झालं तर चकती मागे सरकून नस दाबली जाऊ शकते. पायात उतरणारी कळ येते ती यातूनच.

सकाळची वेळ त्यातही नाजूक. रात्रभर झोपून चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणूनच सकाळी आपली उंची दीड-दोन सेंटिमीटरने जास्त भरते. अशा वेळी वाकलं की चकत्यांवर अधिक ताण येतो. १९९८ मधल्या एका अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांनी सकाळी वाकणं कमी केल्यावर त्यांचं दुखणं कमी झालं होतं. त्यामुळे उठल्या उठल्या खोल वाकायचे व्यायाम नकोत.

ज्यांचे सांधे जन्मतःच सैल असतात, त्यांना हे सगळं सोपं वाटतं. पण त्यांना जास्त ताणण्यापेक्षा स्नायूंची ताकद वाढवण्याची गरज असते.

लैंगिक संसर्गाबद्दलही प्रश्न विचारला जातो. स्वतःकडून स्वतःला नवा आजार होत नाही. मात्र जननेंद्रियावर नागीण किंवा गनोरियासारखा संसर्ग आधीच असेल, तर तो तोंडात किंवा घशात पोहोचू शकतो.

डॉक्टरांना काय सांगायचं?

दुखणं झाल्यावर खरं कारण सांगायला लाज वाटते आणि उपचार लांबतात. पण डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना उद्देश कळायची गरज नसते, हालचाल कळायची असते. 'गुडघे छातीशी घेऊन पाठ पूर्ण वाकवली होती, भार मानेवर होता, तेव्हा कळ आली' एवढं पुरेसं आहे.

पाय किंवा हातात मुंग्या, बधिरपणा किंवा कमजोरी आली तर वाट पाहू नका. लघवी-शौचावरचं नियंत्रण गेलं, लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर लगेच हॉस्पिटल गाठा. ही कण्याच्या तळाशी नसा दबल्याची लक्षणं असू शकतात आणि त्यात प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

लवचिकता वाढवायचीच असेल, तर आधी पाच-दहा मिनिटं चालून शरीर गरम करा, मग ३० सेकंदांचे ताण द्या आणि जोडीला पोट-पाठीच्या ताकदीचे व्यायाम करा. ताण जाणवला तर चालेल, कळ आली की थांबा. काही महिन्यांत बूट घालणं, मांडी घालून बसणं सोपं होईल. 'ते' मात्र बहुतेकांना तरीही जमणार नाही. कारण तिथे सराव कमी पडत नाही, हाडांची ठेवणच तशी असते.